कोहिमाची युद्ध-दफनभूमी

दुसऱ्या महायुद्धातील मृत सैनिकांसाठी भारतात ज्या दफनभूमी उभारण्यात आल्या, त्यांपैकी बहुतेकींचा प्रत्यक्ष लढाईच्या जागेशी संबंध नाही. पुण्याजवळच्या खडकी येथील दफनभूमीत या युद्धातील १,६६८ कबरी आहेत. परंतु त्या पश्चिम आणि मध्य भारतातील ज्या ठिकाणी कबरींची कायमस्वरूपी देखभाल शक्य नव्हती, अशा ठिकाणांहून एकत्र आणलेल्या आहेत आणि खडकीच्या भूमीवर त्या युद्धातील एकही गोळी सुटलेली नाही. नागालँडमधील कोहिमा येथील दफनभूमीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ज्या गॅरिसन टेकडीच्या उतारांवर १९४४ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत हातघाईची लढाई झाली, त्याच उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी कबरींच्या रांगा लावण्यात आल्या असून, लढाईतील मोर्चे, खंदक आणि मैदाने यांच्या खुणा तेथील स्मारकांच्या मांडणीत मिसळून गेल्या आहेत. त्यामुळे या दफनभूमीचा इतिहास सांगायचा तर तो तारखांच्या क्रमापेक्षा जागांच्या क्रमाने सांगणे अधिक सोयीचे ठरते.

ही लढाई कोहिमातच का झाली, याचे उत्तर एका रस्त्यात आहे. त्या काळच्या आसाममधील दिमापूर हे रेल्वेचे ठिकाण आणि ब्रिटिश-भारतीय सैन्याचे प्रचंड रसदकेंद्र होते, तर दक्षिणेकडील इंफाळच्या मैदानात त्या सैन्याची चौथी कोअर उभी होती. या दोहोंना जोडणारा एकमेव पक्का रस्ता सुमारे ५,००० फूट उंचीवरील कोहिमाच्या खिंडीतून जात होता. जपानच्या पंधराव्या सैन्याचे सेनापती रेन्या मुतागुची यांनी मार्च १९४४ मध्ये ‘यू-गो’ या नावाने जी मोहीम उघडली, तिच्यात हा रस्ता तोडून इंफाळ एकाकी पाडण्याचे काम लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो यांच्या एकतिसाव्या डिव्हिजनकडे सोपवण्यात आले होते. डोंगराळ जंगलातून एवढे मोठे सैन्य चिंदविन नदी ओलांडून कोहिमापर्यंत येऊ शकेल, असे ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना वाटले नव्हते. तेथे फार तर एखादी रेजिमेंट पोहोचेल, या त्यांच्या अंदाजामुळे कोहिमात सुरुवातीला अत्यंत तुटपुंजे सैन्य ठेवले गेले.

सातोंच्या सैन्याची चाल ज्या काही ठिकाणी अडली, त्यांपैकी एका ठिकाणाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मणिपूरच्या उखरूल भागातील सांगशाक या गावी पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड २० ते २६ मार्च या काळात जपानी हल्ल्यांना तोंड देत उभी राहिली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन या ब्रिगेडला जोडलेली होती आणि तिचे सैनिक प्रामुख्याने कोकण आणि देशावरचे होते. पाण्याचा तुटवडा, खडकाळ जमिनीत खोल न जाणारे खंदक आणि विमानातून टाकलेल्या मदतीतील बराचसा भाग शत्रूच्या हाती पडणे अशा अवस्थेत ही ब्रिगेड लढली आणि अखेर २६ मार्चच्या रात्री तिला माघार घ्यावी लागली. ब्रिगेडची पुरती वाताहत झाली, हे खरे आहे. तथापि कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकडीचे जे दिवस आणि जी माणसे सांगशाकला खर्ची पडली, त्यांची भरपाई सातोंना पुढे कधीच करता आली नाही. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षे या लढाईकडे पराभव म्हणूनच पाहिले गेले आणि तिचे योग्य मूल्यमापन फार उशिरा झाले. सांगशाकच्या उत्तरेला जेसामी आणि खारासोम येथे आसाम रेजिमेंटच्या पहिल्या बटालियननेही असाच विलंब घडवून आणला.

४ एप्रिलला जपानी सैन्य कोहिमाला येऊन भिडले. कर्नल ह्यू रिचर्ड्स यांच्या हाताखाली त्या वेळी सुमारे २,५०० माणसे होती आणि त्यांतील सुमारे १,००० लढाऊ नव्हती. रुग्णालय, भांडार आणि वाहतूक अशा खात्यांतील ती माणसे होती. रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटची चौथी बटालियन अगदी ऐनवेळी आत पोहोचली, तर तिच्या ब्रिगेडचा उरलेला भाग जवळच्या जोत्सोमा येथे अडकून पडला आणि तेथूनच तोफांचा मारा करून वेढलेल्यांना आधार देत राहिला. कोहिमाचा कणा म्हणजे रस्त्याला लागून असलेली टेकड्यांची एक ओळ होती. लष्करी नकाशांवर या टेकड्यांना तेथील कोठारांची आणि कचेऱ्यांची नावे मिळाली होती: तुरुंगाची जेल हिल, रसद वाटपाच्या खात्याची डीआयएस, कोठाराची एफएसडी, त्यानंतर कुकी पिकेट आणि सर्वांत शेवटी गॅरिसन हिल. एकेक टेकडी सोडत बचाव करणारे सैन्य मागे सरकत गेले आणि १७-१८ एप्रिलपर्यंत ते गॅरिसन टेकडीच्या माथ्याभोवती एवढ्या लहान जागेत कोंडले गेले की, जखमींना ठेवलेल्या चरांवरही तोफगोळे पडत होते. पाण्याचे नळ शत्रूने तोडल्यामुळे टेकडीच्या एका बाजूच्या बारीक झऱ्यातून रात्री सरपटत जाऊन पाणी आणावे लागे. पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने १८ एप्रिलला वेढा फोडून आत प्रवेश केला आणि २० एप्रिलला दमलेल्या वेस्ट केंट बटालियनची जागा ताज्या तुकड्यांनी घेतली.

गॅरिसन टेकडीच्या एका टप्प्यावर नागा हिल्सचे डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांचा बंगला होता आणि बंगल्याच्या वरच्या टप्प्यावर टेनिस कोर्ट होते. पॉसी सुरक्षित जागी न जाता संपूर्ण वेढ्याच्या काळात टेकडीवरच राहिले. नागा लोकांनी ब्रिटिशांची बाजू सोडली नाही, याच्या अनेक कारणांपैकी त्यांचे हे थांबणे एक होते. बंगला जपान्यांच्या हाती गेल्यावर टेनिस कोर्टाच्या एका कडेला जपानी आणि दुसऱ्या कडेला ब्रिटिश-भारतीय सैनिक खंदक खणून बसले आणि मधल्या काही यार्डांवरून परस्परांवर हातबाँब फेकत राहिले. वेढा उठल्यानंतरही ही कोंडी तीन आठवडे टिकली. शेवटी १३ मे रोजी डॉर्सेटशायर रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने एक ग्रँट रणगाडा मोठ्या खटपटीने टेकडीवरून टेनिस कोर्टावर उतरवला आणि त्याच्या तोफेने जपानी बंकर अगदी जवळून फोडून ती जागा ताब्यात घेतली. आज बंगल्याचा मागमूस उरलेला नाही, परंतु कोर्टाच्या सीमारेषा पांढऱ्या काँक्रीटने कायमच्या आखून ठेवल्या असून त्यांच्या भोवती कबरी आहेत.

कोहिमावरील इंग्रजी लेखनात हे टेनिस कोर्ट इतके पुढे येते की, लढाई जणू तेवढ्याच जागेवर झाली, असा वाचकाचा समज व्हावा. एका वसाहतकालीन बंगल्याचे आवार आणि त्यावरील खेळाचे मैदान रणभूमी बनावे, यात इंग्लंडमधील वाचकाला भिडणारे नाट्य होते, हे समजण्यासारखे आहे. प्रत्यक्षात मात्र जेल हिल, डीआयएस आणि त्यांच्याजवळची जीपीटी रिज ही टेकडी या ठिकाणी झालेली मनुष्यहानी टेनिस कोर्टावरील हानीपेक्षा लहान नव्हती.

टेनिस कोर्टाच्या टप्प्यावर एक चेरीचे झाड आहे. जपानी नेमबाज मूळ झाडाचा आडोसा घेऊन गोळ्या झाडत असत आणि लढाईत ते झाड उद्ध्वस्त झाले. आजचे झाड त्याच जुन्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यातून वाढलेले आहे, असे तेथील धातूच्या फलकावर नोंदवलेले आहे.

दफनभूमीची रचना समजून घेण्यासाठी ती बांधणाऱ्या संस्थेची तत्त्वे माहीत असणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धात फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून २१ मे १९१७ रोजी राजसनदेने ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ स्थापन झाले. १९६० मध्ये त्याच्या नावातील ‘इम्पीरियल’ जाऊन ‘कॉमनवेल्थ’ हा शब्द आला. मृताला मायदेशी न नेता जेथे तो पडला त्या प्रदेशातच विसावा द्यायचा, प्रत्येकाचे नाव कबरीवर किंवा स्मारकावर कोरायचे आणि हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून स्मारकांत भेद करायचा नाही, ही या आयोगाची मूळ तत्त्वे होती. श्रीमंत घराण्यांना आपल्या मुलासाठी वेगळी, भपकेदार कबर बांधण्याची मुभा नाकारली गेली, तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला होता. पण आयोग बधला नाही. कोहिमाचा आराखडा वास्तुविशारद कॉलिन सेंट क्लेअर ओक्स यांनी केला. युरोपातील दफनभूमींत दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या शिळा येथे नाहीत. त्यांच्याऐवजी जमिनीलगत ठेंगणे दगडी चौथरे असून त्यांवर ब्राँझचे पत्रे बसवलेले आहेत. पत्र्यावर नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि वय असते, आणि कुटुंबाने पाठवली असेल तर खाली एखादी ओळही असते. या ओळींमध्ये आईवडिलांचे आणि पत्नीचे शब्द असल्याने संपूर्ण दफनभूमीत खाजगी स्वराला तेवढीच जागा मिळालेली आहे.

येथे एकूण १,४२० कबरी आहेत. त्यांपैकी १,०८२ युनायटेड किंग्डमच्या, ३३० अविभाजित भारताच्या, ५ कॅनडाच्या आणि ३ ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांच्या आहेत. यांतील दोन कबरी व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या वीरांच्या आहेत. हा ब्रिटिश साम्राज्यातील रणशौर्याचा सर्वोच्च सन्मान होता आणि दोघांनाही तो मरणोत्तर मिळाला. दोघांच्या कबरी इतर कबरींइतक्याच लहान असून, नावापुढील सन्मानाचा उल्लेख वाचल्याशिवाय त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत.

पहिली कबर लान्स कॉर्पोरल जॉन पेनिंग्टन हार्मन यांची आहे. इंग्लंडच्या पश्चिमेकडील लुंडी या लहानशा बेटाचे मालक मार्टिन कोल्स हार्मन यांचा हा मुलगा अधिकारी न होता साध्या सैनिकांत राहिला होता. जपान्यांनी वेस्ट केंट बटालियनच्या मोर्च्यापासून पन्नास यार्डांच्या आत मशीनगन आणून बसवली, तेव्हा हार्मन एकट्याने पुढे गेले, हातबाँबने तो अड्डा नष्ट केला आणि तेथील मशीनगन उचलून परत आले. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला सकाळी, खंदक खणणाऱ्या शत्रूच्या टोळीवर संगीन लावून ते पुन्हा एकटेच तुटून पडले आणि त्यांनी तिच्यातील पाचही जणांना ठार केले. परत येताना मात्र त्यांना गोळी लागली आणि थोड्याच वेळात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय २९ होते. लुंडी बेटावरील एका जुन्या दगडखाणीत त्यांच्या नावाचे स्मारक आहे.

दुसरी कबर कॅप्टन जॉन नील रँडल यांची आहे आणि भारतीय वाचकाला तिच्याविषयी अधिक कुतूहल वाटावे. रँडल यांचा जन्म १९१७ मध्ये बनारस येथे झाला. त्यांचे वडील हर्बर्ट नील रँडल हे प्राचीन भारतीय न्यायशास्त्राचे अभ्यासक होते आणि या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. नॉरफोक रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधील या अधिकाऱ्याने ४ मे रोजी आपला कंपनी कमांडर जखमी झाल्यावर कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि स्वतःच्या गुडघ्याला जखम झालेली असतानाही इतर जखमींना मागे आणले. ६ मेच्या हल्ल्यात एका बंकरमधून होणाऱ्या माऱ्यामुळे त्यांची कंपनी अडली. तेव्हा गोळ्यांनी विद्ध झालेल्या अवस्थेत त्यांनी त्या बंकरच्या फटीतून आत हातबाँब टाकला आणि आपले शरीर त्या फटीवर झोकून देऊन ती बंद केली. न्यायसूत्रांच्या अभ्यासकाचा, काशीत जन्मलेला मुलगा नागा टेकड्यांत पडावा, हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून मोठा अर्थ काढण्याचे कारण नाही. पण साम्राज्यातील माणसांची आयुष्ये कशा मार्गांनी फिरत होती, हे त्यातून दिसते.

कबरींच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या माथ्याकडे असलेले दहनस्मारक हे या दफनभूमीतील सर्वांत महत्त्वाचे भारतीय स्मारक होय. ज्यांच्या देहांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला, अशा ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. म्हणजे ३३० कबरींतील भारतीयांत ही संख्या मिळवली, तर येथे स्मरण केल्या जाणाऱ्या भारतीयांची एकूण संख्या १,२४७ होते आणि ती ब्रिटिश कबरींपेक्षा अधिक भरते. तरीही येथे येणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो ब्रिटिश दफनभूमीचा. कारण कबर जमीन व्यापते आणि डोळ्यांत भरते, तर भिंतीवरील नाव जवळ जाऊन वाचावे लागते. आयोगाच्या समतेच्या तत्त्वाला येथे कोणी बाधा आणलेली नाही. दहनाची प्रथा असलेल्यांचे स्मारक वेगळ्या प्रकारचे असणे अपरिहार्य होते. मात्र हा हिशेब न करता या जागेला ‘ब्रिटिशांची दफनभूमी’ म्हणण्याची जी सवय आहे, ती चुकीची आहे.

ज्या सैनिकांचे देहच सापडले नाहीत, त्यांची नावे याहूनही दूर, म्यानमारमधील टाउक्क्यान येथील रंगून स्मारकावर आहेत. त्या स्मारकावर जवळजवळ २७,००० नावे असून त्यांत भारतीयांचे प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रातील सैनिकांच्या बाबतीत हा प्रकार सर्वत्र आढळतो. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूचा मशीनगनचा मोर्चा मोडताना मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर नाही. त्यांचे नाव कसीनो येथील स्मारकाच्या फलकावर आहे आणि पुतळा माणगावात आहे.

दफनभूमीच्या पायथ्याशी, प्रवेशद्वाराजवळ, ब्रिटिश सैन्याच्या दुसऱ्या डिव्हिजनचे स्मारक आहे. ही डिव्हिजन एप्रिलच्या मध्यापासून दिमापूरच्या बाजूने पुढे सरकली आणि टेकड्या परत मिळवण्याची मोठी किंमत तिने मोजली. स्मारकासाठी निवडलेला दगड, नागा समाज आपल्या प्रतिष्ठित मृतांच्या स्मरणार्थ जशा उंच शिळा उभ्या करतो, तशा प्रकारचा असून नागा लोकांनीच तो ओढून आणला. त्यावरील ओळी इंग्रज अभिजात भाषापंडित जॉन मॅक्सवेल एडमंड्स यांच्या मानल्या जातात. थर्मोपिलीच्या खिंडीत पडलेल्या स्पार्टन योद्ध्यांवर ग्रीक कवी सिमोनिडीस याने रचलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या स्मृतिलेखाची छाया त्यांवर आहे आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातच त्या लिहिल्या गेल्या होत्या. कोहिमाशी त्या आता इतक्या जोडल्या गेल्या आहेत की, जगभर त्यांना ‘कोहिमाचा स्मृतिलेख’ असेच म्हणतात.

नागा दगडावर ब्रिटिश डिव्हिजनचे नाव आहे. नागांचे स्वतःचे स्थान मात्र या दफनभूमीत फारच थोडे आहे. वाटाडे, हेर, ओझेवाले आणि जखमींचे स्ट्रेचर खांद्यावरून उतारावर नेणारे म्हणून हजारो नागांनी या लढाईत काम केले, त्यांची गावे आणि शेते तोफांखाली भाजून निघाली, आणि चौदाव्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांनी आपल्या युद्धग्रंथात त्यांच्या निष्ठेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु आयोगाची सनद सैन्यदलांत नोंद असलेल्या मृतांपुरती मर्यादित असल्याने, आसाम रेजिमेंट किंवा तत्सम तुकड्यांत भरती झालेले नागा सोडले तर बाकीच्यांची नोंद येथे होऊ शकली नाही. कायद्याच्या चौकटीत हे बरोबर असेलही. इतिहासाच्या दृष्टीने हा मोठा उणेपणा आहे.

जपानी मृतांना या टेकडीवर जागा नाही, हेही नोंदवले पाहिजे. सातोंचे सैन्य तीन आठवड्यांचा शिधा घेऊन निघाले होते आणि तो संपल्यावर मुतागुचींकडून रसद आलीच नाही. मेअखेरीस सातोंनी वरिष्ठांची आज्ञा धुडकावून माघारीला सुरुवात केली. जपानी सैन्यात असे वर्तन जवळजवळ अश्रुतपूर्व होते आणि त्याबद्दल त्यांना पदावरून काढण्यात आले. परतीच्या वाटेवर उपासमार, आमांश आणि हिवतापाने जपानी सैनिक मोठ्या संख्येने मेले. २२ जून १९४४ रोजी रस्त्याच्या १०९ व्या मैलाजवळ कोहिमाकडून आणि इंफाळकडून येणाऱ्या तुकड्यांची भेट झाली आणि इंफाळचा वेढा उठला. याच मोहिमेत आझाद हिंद फौजेच्या तुकड्या जपान्यांच्या बाजूने उतरल्या होत्या, त्यामुळे स्वतंत्र भारतात कोहिमाच्या भारतीय सैनिकांचे स्मरण करताना लेखकांची नेहमीच कुचंबणा होत आली. दहनस्मारकावरील ९१७ जणांनी कोणत्या भावनेने लढाई केली, हे एका शब्दात सांगता येणार नाही. पोटासाठी, पलटणीच्या इज्जतीसाठी आणि शेजारच्या खंदकातल्या सोबत्यासाठी लढणारे त्यांत सगळेच होते. एका बाजूचा सन्मान केला म्हणजे दुसरीचा अवमान होतो, ही समजूत सोडल्याशिवाय या काळाचा इतिहास नीट लिहिता येणार नाही.

ब्रिटनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने २०१३ मध्ये घेतलेल्या मतदानात इंफाळ-कोहिमाची लढाई ही ब्रिटनची सर्वश्रेष्ठ लढाई ठरली, परंतु मराठीत या लढाईवरील स्वतंत्र लेखन आजही विरळ आहे. कबरी आणि स्मारकांवरील नावांची सूची आयोगाने सर्वांसाठी खुली ठेवली असून, भारतीय सैनिकांच्या अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, कुलाबा या जिल्ह्यांच्या नावाने त्या सूचीत शोध घेऊन, सांगशाक, इंफाळ आणि रंगून येथील मराठी सैनिकांची गाववार यादी तयार करण्याचे काम महाराष्ट्रातील एखाद्या इतिहास मंडळाने किंवा विद्यापीठाच्या विभागाने हाती घ्यावे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे उपलब्ध आहेत आणि काम फारसे खर्चाचेही नाही.